खापर, पांढरा पाव आणि भाताचा त्रिकोण



गेल्या महिन्यात शुक्रवारच्या मराठी वर्गात बाईंनी मुलांना कागद वाटले आणि ‘मला सर्वांत आवडणारे जेवण’ या विषयावर चित्र काढायला सांगितले. कुणी पुरणपोळी काढली, कुणी पिझ्झा, दोघातिघांनी शावरमा. एका नऊ वर्षांच्या मुलाने पांढरा त्रिकोण काढला आणि त्याच्या तळाशी एक काळी पट्टी रंगवली. बाईंना वाटले, देऊळ असेल. “देऊळ नाही बाई, भात आहे,” मुलगा म्हणाला. तो होता ओनिगिरी, म्हणजे मिठाच्या हाताने वळलेला जपानी भाताचा मुटका. धरायला सोपे जावे म्हणून त्याला वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पट्टी लावतात. “कुठे खाल्लास रे?” बाईंनी विचारले. “अजून नाही खाल्ला.”

न खाल्लेला पदार्थ सर्वांत आवडता! त्याच्या आईचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला. “घरी रोज सगळं करते हो मी,” असे त्या चहाच्या वेळी तीनदा म्हणाल्या.

पुढे कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला. महिन्यातून एकदा मुलांना हॉलमध्ये एखादा जपानी चित्रपट दाखवावा, अशी सूचना तरुण पालकांनी केली. त्यावर आपल्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, “आपल्या गोष्टी संपल्या की काय? आणि त्या कार्टूनात असतं तरी काय? नुसता स्वयंपाक करतात आणि खातात.” हशा झाला. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. आणि “डॉक्टर, तुम्हीच काय ते अभ्यास करून अंकात लिहा,” असे म्हणून काम आमच्या गळ्यात पडले. आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, साध्या सर्दीवरही औषध देण्याचा आम्हांला अधिकार नाही, हे मंडळात आता कुणाला पटवून देण्यात अर्थ उरलेला नाही. असो.

काकांचे म्हणणे एका अर्थाने खरे आहे. ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या जपानी चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात आणि त्यांत गेल्या काही वर्षांत एक वेगळीच शाखा फुटली आहे. जादूची दुनिया असते, राक्षस असतात, तलवारी असतात. पण लढाई दोन मिनिटांत आटोपते आणि पुढची दहा मिनिटे कांदा परतला जातो. २०२३ साली आलेल्या एका मालिकेत मुकोदा नावाचा एक साधा कारकून चुकून दुसऱ्या जगात जाऊन पडतो. त्याच्यापाशी शौर्य नाही, शक्ती नाही. एकच सिद्धी आहे, ती म्हणजे आपल्या देशातल्या वाणसामानाच्या दुकानातून तिथे बसल्या जागी जिन्नस मागवता येतात. तो सोया सॉस मागवतो, आले मागवतो, मांस परततो. त्या वासाने एक महाकाय लांडगा येतो आणि जेवणाच्या बोलीवर त्याचा सोबती बनतो. आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा मोठ्याने हसलो. मनामाच्या सुपरमार्केटात गोडा मसाला आणि बाकरवडी दिसताच आमचा चेहराही त्या मुकोदासारखाच होतो, हे मुलीने लगेच दाखवून दिले.

आणखी एक मालिका २०१७ सालची. टोकियोत तळघरात एक खानावळ आहे. ती शनिवारी बंद असते, पण त्याच दिवशी तिचे दार दुसऱ्या जगात उघडते आणि तिथली माणसे, चेटकिणी, अगदी ड्रॅगनसुद्धा जेवायला येतात. प्रत्येकाचा एक ठरलेला पदार्थ. त्यांतला एक सेनापती जहाज बुडून बेटावर अडकलेला असतो. वीस वर्षे एकटा. दर सात दिवसांनी ते दार उघडते आणि तो करी-भात खातो. बेटावर एकटे राहून सुट्टीच्या दिवसाची वाट पाहत जेवणारा माणूस म्हटल्यावर आम्हांला आमचे इथले पहिले वर्ष आठवले. तीन जणांची एक खोली आणि गुरुवारी रात्री करायची खिचडी.

तो करी-भात तरी कुणाचा? जपान्यांनी करी शिकली ती इंग्रजांकडून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पिठाने दाट केलेली, नावापुरती हिंदुस्थानी. पण १९२७ साली टोकियोच्या शिंजुकु भागातल्या नाकामुराया या दुकानात खरी हिंदुस्थानी करी मिळू लागली, ती रासबिहारी बोस यांच्यामुळे. हे बंगाली क्रांतिकारक १९१५ मध्ये इंग्रजांच्या तावडीतून निसटून जपानला पोचले. नाकामुरायाचे मालक सोमा पतिपत्नी यांनी त्यांना लपवले आणि पुढे आपली मुलगी तोशिको त्यांना दिली. ती १९२५ मध्ये वारली. त्यानंतर दोन वर्षांनी बोसांनी सासऱ्यांच्या दुकानात आपल्या घरची करी शिजवायला शिकवली. त्यांना मायदेश पुन्हा दिसला नाही. नाकामुरायात ती करी आजही मिळते. परक्या देशात घरचे जेवण ही कल्पना जपानी लोकांना आपल्यातल्याच एका निर्वासिताने असे चाखवले होते, हे मुलांना जरूर सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चितारलेल्या अन्नाला वास नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर वासाचा एकही रेणू पडद्यावरून नाकापर्यंत येत नाही. तव्यावर पाव तांबूस होतो तेव्हा साखर आणि प्रथिने यांच्यात जी क्रिया होते, तिचे वर्णन लुई माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. खमंग वास येतो तो तिच्यामुळे. चित्रात ती क्रिया नाही, तरी तोंडाला पाणी सुटते. कारण चित्रकार पदार्थ नुसता काढत नाही, तो होताना काढतो. लोणी वितळते, वाफ येते, कुणीतरी फुंकर घालते. आणि खाणारा कधी एकटा नसतो, वाढणारे कुणीतरी समोर असते. हे चितारायचे कसब कुठून आले, हे शोधू लागलो तर सापडले ते एका वेगळ्याच गावी. स्वित्झर्लंडात!

१९७३ च्या उन्हाळ्यात काही तरुण जपानी चित्रकार आल्प्सच्या कुरणांत वह्या घेऊन हिंडत होते. त्यांत इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी होते. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ ही १८८० सालची कादंबरी त्यांना चित्रमालिकेत आणायची होती. जानेवारी १९७४ पासून वर्षभर दर रविवारी संध्याकाळी ती जपानी दूरदर्शनवर लागली. बावन्न भाग. अनाथ मुलगी डोंगरावर आजोबांकडे जाते, एवढीच गोष्ट. तिच्यात आजोबा चीजचा मोठा तुकडा काठीला लावून विस्तवावर धरतात, तो वितळू लागला की जाड पावावर उतरवतात, आणि मुलगी ते खाते. बस्स. एवढ्याशा प्रसंगावर जपानची एक पिढी भाळली. पुढे पन्नास वर्षांत ज्या ज्या चित्रपटात अंडे फुटले आणि भात वाफाळला, त्या सगळ्यांची आजी ही मालिका, असे आमचे मत झाले आहे.

पण हायडीतला खरा प्रसंग चीजचा नाही, पांढऱ्या पावाचा आहे. डोंगरावरच्या गुराखी पेटरची आजी आंधळी आणि दात पडलेली. तिला घरचा काळा, टणक पाव चावत नाही. पुढे हायडीला फ्रँकफर्टला एका श्रीमंताच्या घरी नेतात, तिथे रोज मऊ पांढरे पाव मिळतात. ती ते खात नाही. एकेक पाव आजीसाठी कपाटात साठवून ठेवते. एक दिवस कडक स्वभावाची कारभारीण कपाट उघडते आणि वाळून खडखडीत झालेले सगळे पाव फेकून देते. पोरगी ओक्साबोक्शी रडते. पुढे तिला झोपेत चालण्याचा आजार जडतो आणि डॉक्टर औषध लिहून देतात ते एकच: हिला घरी पाठवा.

हा आजार लेखिकेने मनाने रचलेला नाही. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने बाझेल विद्यापीठात यावरच प्रबंध लिहिला. परमुलखात शिकायला किंवा चाकरीला गेलेली स्विस मुले घराच्या आठवणीने खरोखर आजारी पडत. होफरने दोन ग्रीक शब्द जोडून त्या दुखण्याला नाव दिले ‘नोस्टाल्जिया’: नोस्तोस म्हणजे परतणे, आल्गोस म्हणजे वेदना. शहरात मरणाच्या दारी पोचलेला एक विद्यार्थी नुसता घराच्या वाटेला लावल्यावर सुधारू लागला, असे उदाहरणही त्याने दिले आहे. आमचा स्वतःचा प्रबंध सहा माणसांनी तरी वाचला असेल की नाही, शंका आहे. या होफरचा शब्द मात्र सगळ्या जगाच्या तोंडी बसला. आपल्या बायकांना तो दुखणेही माहीत होते आणि त्यासाठी ‘माहेरची ओढ’ हा शब्दही.

स्विस मुलीची ही गोष्ट जपानी माणसांना इतकी का भिडली? ताकाहाता १९३५ सालचे. २९ जून १९४५ ला ओकायामा शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि एका बहिणीसह जळत्या गल्ल्यांतून धावत सुटले होते. मियाझाकी चार वर्षांचे होते, त्यांनीही त्याच जुलैत उत्सुनोमिया शहर जळताना पाहिले. युद्ध संपल्यावर भूक सुरू झाली. भाताचे पीक बुडाले, रेशन पुरेना, मे १९४६ मध्ये राजवाड्यासमोर लाखो लोक अन्न मागायला जमले. योशितादा यामागुची नावाच्या न्यायाधीशाने काळ्या बाजारातले काही खायचे नाही असे ठरवले आणि १९४७ मध्ये तो उपासमारीने मेला. शाळांतून पुढे परदेशी मदतीचा पाव आणि दुधाची पावडर मिळू लागली. त्या पावडरीच्या दुधावर वाढलेली मुले १९७४ मध्ये आईबाप झाली होती. आपल्या मुलांना मांडीवर घेऊन ती हायडीचा पांढरा पाव पाहत होती.

१९८८ च्या एप्रिलमध्ये या दोघांच्या स्टुडिओने, म्हणजे घिब्लीने, दोन चित्रपट एकाच तिकिटावर लावले. एक मियाझाकींचा ‘माझा शेजारी टोटोरो’ आणि दुसरा ताकाहातांचा ‘काजव्यांचे थडगे’. टोटोरोत आई इस्पितळात आहे. थोरली दहा-अकरा वर्षांची मुलगी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते. शेजारची आजी ओढ्याच्या पाण्यात गार केलेली काकडी खायला देते. धाकटी मका उराशी धरून आईला नेऊन द्यायला एकटीच निघते. ‘काजव्यां’त भाऊबहीण युद्धात अनाथ होतात आणि चार वर्षांची बहीण उपाशी मरते. तिच्यापाशी उरतो तो गोळ्यांचा रिकामा डबा, त्यात पाणी घालून ते हलवून प्यायचे. ही कथा अकियुकी नोसाका या लेखकाने १९६७ साली लिहिली. त्याची स्वतःची धाकटी बहीण अशीच गेली होती आणि तिच्या वाट्याचे आपण खाल्ले, ही टोचणी त्याला जन्मभर होती. एका तिकिटावर मका आणि रिकामा डबा! लोकांनी ते कसे सोसले असेल, कोण जाणे. पण काकांच्या “नुसता स्वयंपाक करतात आणि खातात” याचे उत्तर आम्हांला इथे मिळाले. डबा रिकामा पाहिलेल्या माणसांनीच हा मका चितारला आहे.

अगदी अलीकडच्या, २०२४ सालच्या, मालिकेतही ते सापडते. भुयारातले राक्षस शिजवून खाणाऱ्या एका टोळीची ही गोष्ट आहे, आणि पहिले काही भाग निव्वळ गंमत वाटते. टोळीत सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका आचारी आहे. कुणी जेवला नाही की तो अस्वस्थ होतो, ताटात टाकू देत नाही. शेवटाकडे कळते की लहानपणी तो सोबत्यांसह भुयारात अडकला होता, अन्न संपले, एकेक जण गेला. एकाने त्याला मांसाचे गरम सूप दिले. ते मांस कशाचे होते या शंकेने त्याने उभा जन्म काढलेला असतो. रयोको कुई या लेखिकेची ही चित्रकथा २०१४ ते २०२३ अशी चालली. तिने हा आचारी विनोदासाठी आणला असेल असे आम्हांला आधी वाटले होते, ते चुकले.

सगळेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ नव्या मालिका म्हणजे मसाल्याच्या बाटल्यांची जाहिरात असते. त्यांत कुणाला भूकच लागलेली नसते आणि कुणी कधी भांडी घासताना दिसत नाही! अशा मालिका आम्ही मुलीला बंद करायला सांगतो. ती करत नाही, हा भाग निराळा.

आता आपल्या गोष्टींबद्दल. काका, त्या संपलेल्या नाहीत, पण आपण त्या सांगायचे सोडले आहे. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. हुकूम सुटतो, गावातले सगळे दूध देवळात येते, घरोघरी मुले उपाशी, वासरे उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मुलांना पाजते, सुनांना देते, वासरांना सोडते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात जाते. तेवढ्याने गाभारा भरतो. यात जादू आहे, अन्न आहे, राजा आहे, आजी आहे. जपानी चित्रकाराला आणखी काय हवे? सुदाम्याचे पोहे, गोपाळांच्या शिदोऱ्यांचा काला, द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान या साऱ्या भुकेल्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत.

त्यांतली मांड्यांची गोष्ट आम्हांला सर्वांत जवळची, कारण आम्ही खानदेशातले. आमच्याकडे मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. तिला पोळपाट-लाटणे नाही. उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. आळंदीची ती चार भावंडे गावाने वाळीत टाकलेली. निवृत्तीला मांडे खावेसे वाटले, मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली, तर विसोबा चाटीने सगळ्या कुंभारांना बजावून ठेवले होते की यांना खापर द्यायचे नाही. पोर रडत परत आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवला, पाठ तव्यासारखी लाल झाली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. पण जठराग्नी म्हणजे काय? भूकच ना? ज्या मुलांना कुणी खापर दिले नाही, त्यांनी भुकेचीच चूल केली. सातशे वर्षे लोकांनी ही गोष्ट टाकली नाही.

आमच्या आईला या गोष्टी तिच्या आईने १९७२ च्या दुष्काळात सांगितल्या. आई तेव्हा बारा वर्षांची होती, घरची मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तीही जाई. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिच्या भाकरीबद्दल आई बोलत नसे, तोंड फक्त वाकडे करी. रात्री मात्र सगळी भावंडे हट्टाने मांड्यांची गोष्ट मागायची. “रोज?” आम्ही विचारले होते. “रोज. आणि आई दर वेळी पुरणात जायफळ घालायची. गोष्टीतल्या.”

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. ते दिवस कसे होते, सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्यातल्या किती जणांच्या घरी तेच झाले. आम्हांला जाता आले नाही. दहावे, तेरावे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्या दिवसांत मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, रोज संध्याकाळी टोटोरो लावायची. आम्ही काही न बोलता तिच्या शेजारी बसायचो. रोज तीच काकडी, तेच डबे, तोच मका. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने विचारले, “आजी मका खायची का?” आम्ही सांगितले, आजी मांडे करायची. मांडे म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हते. सहा वर्षांत आम्ही ते तिला एकदाही सांगितले नव्हते. कणीक कोपरापर्यंत कशी वाढते ते आम्ही हातवारे करून दाखवू लागलो आणि तिथे आमचा आवाज बसला. आम्ही या मालिकांवर हसणे सोडले ते त्या दिवशी.

आणि हे केवळ आपलेच नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक बहारिनी सहकारी आहेत, पन्नाशीचे. त्यांच्या लहानपणी अरबीत भाषांतर केलेली हायडी इथल्या घराघरांत पाहिली जाई, तशीच ‘सॅली’. ही १९८५ सालची जपानी मालिका म्हणजे एका पोरक्या मुलीची इंग्रजी कादंबरी. माळ्यावर उपाशी ठेवलेली ती मुलगी डोळे मिटून मेजवानीची कल्पना करते. एक दिवस डोळे उघडते तो खरेच शेगडी पेटलेली असते आणि ताटे मांडलेली. हे करतो कोण? शेजारच्या घरातला रामदास नावाचा हिंदुस्थानी नोकर! तोही परमुलखातलाच. आमचे सहकारी हे सांगताना हसले आणि मग चष्मा पुसू लागले. आमच्या वाट्याला लहानपणी १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगली आला, तोही जपान्यांनीच चितारलेला, आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. लांडग्यांत वाढलेले ते पोरही परक्या घरीच जेवत होते.

या सहकाऱ्यांचे आजोबा मोती काढायला जात. उन्हाळ्याचे चार महिने होडीवर. पाणबुड्यांनी दिवसा जवळजवळ काही खायचे नाही, थोडे खजूर, थोडी कॉफी. पोट भरलेले असले तर बुडी मारता येत नाही. भात आणि मासळी सूर्य मावळल्यावर. तो तांदूळ येई हिंदुस्थानातून आणि मोती जात मुंबईला. मुहम्मर नावाचा इथला गोड तांबूस भात, तळलेल्या मासळीबरोबर खातात तो, पाणबुड्यांना ताकद यावी म्हणून करत असे ते सांगतात. १९३० च्या सुमारास मोत्यांचा धंदा बसला, १९३२ मध्ये जबल दुखानपाशी तेल लागले, आणि त्या तेलामागून यथावकाश आम्ही आलो.

गेल्या महिन्याच्या त्या त्रिकोणी भातानंतर मुलीने आमच्याकडे मांड्यांचा लकडा लावला. पुरण येते, कणीक कशीबशी जमेल, पण खापर कुठून आणायचे? विमानातून आणायला काढले तर फुटणार. तेव्हा गेल्या शनिवारी आम्ही तिला घेऊन ‘आली’ गावी गेलो. दिल्मुनकाळच्या थडग्यांचे टेकाड आहेत, तेच गाव, आणि बहारीनचे कुंभार तिथेच. कागदावर खापराचे चित्र काढून दाखवले, पालथे, दोन हात रुंद. म्हाताऱ्या कुंभाराने ते उलटसुलट करून पाहिले. विस्तवावर ठेवणार का, त्याने विचारले. हो म्हटल्यावर माती वेगळी लागेल म्हणाला. वर काय भाजणार? आम्ही मोडक्यातोडक्या अरबीत डाळ, साखर आणि पोळी असे सांगितले. तो म्हणाला, त्याची आजी रमजानात ‘रगाग’ करायची, कागदासारखी पातळ, गरम ताव्यावर हाताने पसरून. ‘तावा’ हाच शब्द त्याने वापरला. मुलगी आमच्याकडे पाहू लागली.

दोन आठवड्यांनी या, असे सांगून त्याने आगाऊ पैसे घेतले नाहीत. पहिले भट्टीत तडकले तर दुसरे करीन म्हणाला.

तेव्हा कार्यकारिणीला आमची विनंती अशी की ठराव मंजूर करावा आणि पहिला चित्रपट टोटोरो ठेवावा. तो सुरू होण्याआधी काकांनीच मुलांना खुलभर दुधाची कहाणी सांगावी, त्यांच्याइतकी रंगवून ती इथे कुणाला येत नाही. ओनिगिरी करायला त्या नऊ वर्षांच्या मुलाची आई तयार आहे, तांदूळ चिकट हवा, आंबेमोहोर चालेल का ते आम्ही घरी करून पाहू. खापर वेळेवर मिळाले तर मांड्यांची जबाबदारी आमची. मात्र कणीक हातावर वाढवणारी कुणी खानदेशी मावशी किंवा काकू मंडळात असेल तर तिने कृपया आधी एकदा घरी येऊन आम्हांला दाखवावे. मैदा, रवा आणि जायफळ आणून ठेवले आहे.